धाकट्यानं आधी बोलायचं

मा दुशिकला कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तोच आमच्या लीगचा सचिव झाला. हे मी त्याच्या तोंडावर कितीदा तरी बोललोय, त्यामुळे पाठीमागे बोलायला मला कसली चोरी नाही. मी बांग, तिथला पंच. गळ्यात शिट्टी आणि कपाळाला आठी, एवढी माझी ओळख. दुशिकहून मी वयानं मोठा. चारचौघांत मी त्याला ‘सचिवसाहेब’ म्हणायचो, एरवी ‘दुशिक’. तो मला कायम ‘बांगदादा’.

मसान बंदराच्या मासळीबाजारात त्याच्या बापाचं सुक्या मांदेलीचं दुकान. पोरगा मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात लागला, ट्रकांच्या फेऱ्या लावायच्या कामाला. कारखान्याचा कुस्तीचा संघ होता. संघाच्या गाडीचा ड्रायव्हर एकदा आजारी पडला, दुशिकनं गाडी नेली, आणि मग तोच नेत राहिला. होता होता संघाचा व्यवस्थापक झाला. व्यवस्थापक म्हणजे तरी काय, गाडी, जेवण आणि झोपायच्या खोल्या. मग देशावर पैशाचं संकट आलं, कारखान्यानं संघ मोडला. राहिले चार कंपन्यांचे चार संघ. त्या चौघांच्या लीगला सचिव हवा होता आणि चौघांनाही दुसऱ्याचा माणूस नको होता. मा दुशिक आता कुणाचाच नव्हता. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून त्याला खुर्चीत बसवला.

पहिल्याच बैठकीत त्यानं विचारलं, “ते दोघं गुडघ्यावर बसून इतका वेळ एकमेकांच्या पट्ट्याशी कसली झोंबाझोंबी करतात?”

सगळी खोली हसली. आमच्या कुस्तीत कमरेला आणि मांडीला कापडी पट्टा बांधतात. वाळूत समोरासमोर गुडघे टेकायचे, खांद्याला खांदा लावायचा, एकमेकांचा पट्टा धरायचा आणि मग उठून झुंजायचं. गुडघा किंवा त्याच्या वरचं अंग ज्याचं आधी टेकलं तो हरला. पट्टा कुणाच्या मुठीत कसा आला, यावर निम्मी कुस्ती तिथंच ठरते. त्यामुळे त्या पकडीवरून भांडणं होतात आणि माझ्यासारख्याचं डोकं पिकतं.

एक प्रशिक्षक म्हणाला, “सचिवसाहेब, मांदेली विकताना तराजू कुणाच्या हातात आहे ते बघता की नाही? तेच हे.”

दुशिकही हसला. दुसरा असता तर डूख धरून बसला असता. हा पुढच्या आठवड्यात नगरपालिकेच्या पोरांच्या वर्गात जाऊन उभा राहिला, कमरेला पट्टा बांधून, पोट बाहेर. चौथीतल्या एका पोरानं त्याला उताणा पाडला. कानातली वाळू झाडत उठला आणि त्या पोराला म्हणतो, “बाळा, हे कसं केलंस? परत एकदा कर बघू.” पोरानं परत केलं. त्या वर्षी तो आठवड्यातून दोनदा आपटून घ्यायला जात होता. पाठीला औषधी पट्ट्या चिकटवून ऑफिसात यायचा, सगळीकडे कापराचा वास.

मग म्हणाला, पंचाची परीक्षा देतो. मीच परीक्षक. मी त्याला दोनदा नापास केला, अगदी मनापासून. तिसऱ्यांदा नापास करायला कारण सापडलं नाही.

“शिट्टी तर कधी फुंकणार नाहीस,” मी म्हणालो, “मग हा खटाटोप कशाला?”

“तुम्ही चुकलात तर मला कळायला नको का, दादा?”

असा माणूस. बेसबॉलच्या मैदानाबाहेर जाऊन उभा राहायचा. आत नाही जायचा, फाटकाशीच. एवढे बायकापोरांसकट लोक तिकडं का जातात आणि आमच्याकडे नुसते म्हातारे का येतात, हे त्याला शोधायचं होतं. परत आला आणि पहिलं काम काय केलं, तर चारही संघांच्या गावच्या हॉलमध्ये बायकांचे संडास दुरुस्त करून घेतले. प्रशिक्षकांनी त्याचं नाव ‘संडाससचिव’ पाडलं. त्याच्या समोरही म्हणायचे. पण पुढच्या हंगामात म्हाताऱ्यांबरोबर म्हाताऱ्या आल्या, त्यांच्याबरोबर सुना आल्या, आणि सुनांबरोबर पोरं. तेव्हा मात्र टोपणनाव कुणी मोठ्यानं घेईना. त्याची बायको एवढंच म्हणाली, “जगभरचं शिकून येतात, घरात तांदूळ कुठल्या डब्यात आहे ते अजून शिकायचंय.”

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण एक पोरगं वजन देताना काट्यावरच कोसळलं, तिथून दुशिक बदलला. वजनगटात बसायचं म्हणून त्या पोराच्या पोटात तीन दिवस पाण्याचा थेंब नव्हता. आदल्या दिवशी दुशिकनं त्याला विचारलं होतं, “बरं आहे ना?” आणि पोरानं सांगितलं होतं, “ठीक आहे.”

आमच्याकडे धाकट्याला दुसरं उत्तर नसतंच. हाड मोडून बाहेर आलं असलं तरी ठीक आहे. मोठ्याला काळजीत पाडणं म्हणजे उद्धटपणा, हे आईच्या दुधाबरोबर पोटात जातं. दुशिकनं चौकशीला सगळ्यांना बोलावलं. सगळ्यांत वयस्कर प्रशिक्षक आधी बोलला, पोराचीच चूक म्हणाला. मग बाकीच्यांनी एकामागून एक त्याची री ओढली. शेवटी त्या पोराला विचारलं, तर तोही म्हणाला, माझीच चूक. दुशिक मला बाहेर येऊन म्हणाला, “दादा, मी दहा जणांना विचारलं आणि एकाच माणसाचं उत्तर दहा वेळा ऐकलं.”

तेव्हापासून त्यानं सोमवारचं जेवण सुरू केलं. हॉलमागच्या सूपवालीकडे प्रत्येक संघातून दोघं-तिघं बोलवायचे. डुकराच्या हाडांचं सूप, भात, मुळ्याची किमची. नियम एकच, धाकट्यानं आधी बोलायचं. मग त्याच्याहून मोठ्यानं, असं चढत चढत वर. सगळ्यांत वयस्कर शेवटी आणि सचिव त्याच्याही नंतर. एकदा मोठा बोलला की लहानाचं तोंड शिवलं जातं, म्हणून मोठ्याला बोलायची बंदी.

पहिले काही सोमवार सगळे मूग गिळून बसले. सूप गार व्हायचं, सूपवाली करवादायची, “मयताला बसल्यासारखे काय बसलाय? खा तरी!” प्रशिक्षक माझ्याकडे बघून डोळे फिरवायचे. मग एकदा एक पोरगं भातात तोंड घालून पुटपुटलं, की आमच्या सरावाच्या हॉलचा बॉयलर थंडी सुरू झाल्यापासून बंद आहे, आम्ही गार पाण्यानं अंघोळ करतो. दुशिकनं दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला. मग बांध फुटला. कोण म्हणे वाळूत खडे आहेत, कोण म्हणे गाडीत पाय मावत नाहीत, आणि एक जण तर माझ्याकडे न बघता म्हणाला, की पंचसाहेब पकडीच्या वेळी पाठीवर फार जोरात थापटतात. मी सुपाचं वाडगं तोंडाला लावलं. माझी पाळी येईपर्यंत राग उतरला होता, हाही त्या नियमाचा फायदा.

आणखी एक त्यानं शिकून घेतलं. ‘बरं आहे ना?’ विचारणं त्यानं सोडूनच दिलं. पैलवानासमोर उभा राहायचा आणि हातातली किल्ली पाडायचा. “अरे, जरा उचलून दे रे.” पोरानं उकिडवं बसून उचलली तर गुडघे शाबूत. एक पाय मागे टाकून, वाकडं होऊन उचलली तर डॉक्टर. थोड्याच दिवसांत सगळ्या लीगला ही युक्ती कळली. दुशिक दिसला की पोरं आपसांत हसायची, “चला, साहेबांची किल्ली पडणार.” पण कळलं तरी फरक पडत नव्हता. जिभेला खोटं बोलता येतं, गुडघ्याला येत नाही.

या सगळ्यात योम दोछान तयार झाला. दोछान गोट्यासारखा, बुटका, मानेचा पत्ताच नाही, पण पायानं असा आतून अडकवायचा की त्याच्या दुप्पट माणूस बसकण मारायचा. सोमवारच्या जेवणात सुरुवातीला तोच सर्वांत धाकटा होता. त्यामुळे आधी बोलायची पाळी कायम त्याची, आणि कायम कान लाल. पुढे पैलवानांनी त्यालाच आपला प्रतिनिधी निवडला. बाप कोळी, समुद्रानं नेलेला. आई बाजारात शिंपले सोलायची. दुशिकचं त्याच्यावर फार मन. दुशिकला स्वतःचं अपत्य नव्हतं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

आता वाईट काळाकडे येतो.

लीग चालवणं म्हणजे भोक पडलेल्या होडीतून पाणी उपसणं. दुशिक उपसत होता, पण पाणी येतच होतं. आमची कुस्ती लोकांना सणाची वस्तू वाटते. छूसोकला, सुगीच्या सणाला, पितरांना नैवेद्य दाखवला, जेवणं झाली, की टीव्हीवर कुस्ती लावायची आणि बसल्या जागी पेंगायचं. बाकी वर्षभर कोण बघतो? कंपन्यांना सदऱ्यावरचं आपलं नाव टीव्हीवर दिसायला हवं. टीव्हीवाल्यांना बघणारे हवेत. त्या वर्षी टीव्हीवाल्या साहेबानं साफ सांगितलं, छूसोकची अंतिम लढत लोकांनी पाहिली तर पुढचा करार, नाहीतर आपापल्या वाटा वेगळ्या. आणि करार गेला की निदान दोन कंपन्या संघ मोडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. दोन संघांची लीग कशी होते? चाळीस पैलवान होते आमचे. कुस्तीशिवाय त्यांना दुसरं येत काय होतं?

त्या छूसोकला हॉल भरला होता. उपांत्य लढतीत दोछान जिंकला, पण उठताना जरा अडखळला. मला ते दिसलं. मी समजलो, वाळूत पाय रुतला असेल. त्यानं वाकून नमस्कार केला आणि सरळ चालत आत गेला. मधल्या वेळात एक बाई सणाची गाणी म्हणत होत्या. मी आखाड्यातच होतो, वाळू सारखी करून घेत. आत बोळात काय झालं ते मी पाहिलं नाही. दुशिक आत गेला एवढं पाहिलं, आणि बाहेर आला तेव्हा टीव्हीवाल्याला मान हलवून ‘चालू द्या’ म्हणाला.

अंतिम लढतीत समोर होता होंग. होंग म्हणजे डोंगरच. पहिली फेरी दोछाननं घेतली, तीच आतली अडकवणी. हॉलमधल्या आज्या टाळ्या पिटत उभ्या राहिल्या. दुसऱ्या फेरीत होंगनं त्याला पोटावर उचललं, फिरवलं, आणि दोछाननं सवयीनं खाली येता येता उजवा पाय रोवला. आवाज मी ऐकला. ओली फांदी मोडताना होतो तसा. त्याचा पाय गुडघ्यातून वळू नये त्या बाजूला वळला होता. मी शिट्टी फुंकली की नाही, मला आठवत नाही. मी खाली बसलो, त्याचं डोकं धरलं, तर तो मला विचारतो, “पंचसाहेब, आधी कोण टेकलं?”

गाढव कुठला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तेही सगळ्या देशानं पाहिलं.

डॉक्टरांनी गुडघा जोडला, पण कुस्ती संपली आणि धड चालणंही. पेपरवाले लागले मागं. जखमी पोराला उतरवलं कुणी? लीगला ठाऊक होतं का? दोछाननं दवाखान्यातूनच सांगितलं, मला विचारलं होतं, मीच ठीक आहे म्हणालो, चूक माझी. वर गंमत बघा, ती लढत लोकांनी एवढी पाहिली की टीव्हीवाला पुढच्या करारावर सही करायला तयार झाला. त्यांना काय, मोडलेला पाय दाखवला तरी लोकांनी बघितल्याशी कारण.

प्रश्न राहिला कंपन्यांचा. चार मालकांत सगळ्यांत मोठे कू साहेब, सिमेंटवाले, पांढऱ्या भुवयांचे. वाईट माणूस नव्हते. बैठकीच्या दिवशी जिन्यातच त्यांनी दुशिकला गाठलं. मी शेजारी होतो.

“हे बघ दुशिक,” ते म्हणाले, “पोरानं स्वतःच्या हट्टानं उडी मारली असेल तर वाईट झालं, पण खेळात होतं. मी सही करतो, बाकीचे माझ्यामागून येतील. पण लीगला ठाऊक असून त्याला उतरवलं असेल, तर माझ्या कंपनीचं नाव त्या वाळूत राहणार नाही. मला फक्त एवढं ऐकायचंय की तुला माहीत नव्हतं.”

ते वर गेले. मी दुशिकची बाही धरली. महिनाभरात तो वाळून काटकी झाला होता.

“तू तोंड उघडू नकोस,” मी म्हणालो. “पोरगं बोलेल. तू खाली मान घालून बस.”

“हो, दादा.”

ऑफिस औषधांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. दोछान कुबड्यांवर आला होता. त्याला वर यायला इतका वेळ लागला की मालक लोकांची कॉफी गार होऊन गेली. पैलवानांचा प्रतिनिधी म्हणून तो बसला. खोलीत सर्वांत धाकटा तोच. कू साहेब म्हणाले, “तुमच्याकडे धाकटा आधी बोलतो म्हणे. बोल बाळ.”

दोछान उठायला लागला. सगळे म्हणाले, बस बस. तरी तो उठलाच.

“सचिवसाहेबांनी मला बोळात विचारलं,” तो म्हणाला. आवाज स्वच्छ होता. पाठ करून आला होता, हे मला कळलं. “मी ठीक आहे म्हणालो.”

“आणि किल्ली?” कू साहेबांनी विचारलं. किल्लीची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. “किल्ली पाडली होती का त्यानं?”

“हो. पाडली होती. मी उकिडवं बसून उचलून दिली. तेव्हा खरंच दुखत नव्हतं. लढतीतच काय ते झालं. साहेबांना कळायला काही मार्गच…”

“किल्ली खिशात होती,” दुशिक म्हणाला.

मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. खोटं कशाला सांगू, चांगली सणसणीत मारली.

“साहेब, मी बोलतोय अजून,” दोछान म्हणाला.

पण दुशिक उभा राहिला होता. “किल्ली मी हातात घेतली होती. मग परत खिशात टाकली. कारण पाडली असती तर त्याला उचलता आली नसती, हे मला त्याच्या चालण्यावरूनच कळलं होतं. म्हणून मी तोंडानं विचारलं, बरं आहे ना? त्याचं उत्तर काय येणार ते मला ठाऊक होतं. तेच हवं होतं म्हणून तसं विचारलं. याची काही चूक नाही.”

खाली दुकानातला टीव्ही ऐकू येत होता. कू साहेबांनी पेनला टोपण लावलं आणि पेन आतल्या खिशात ठेवलं. मग म्हणाले, “तू खरा माणूस आहेस दुशिक. फार वाईट केलंस.” ते उठले आणि त्यांच्यामागून तिघं उठले.

पुढचं उरकून टाकतो, कारण सांगताना माझंच पित्त खवळतं. आधी कू साहेबांचा संघ मोडला, मग एकेक करत उरलेले. होंग आता बंदरात पोती वाहतो. एक जण लग्नाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडतो. काहींचा पत्ता नाही. सूपवाली अजून सोमवारी विचारते, तुमचे ते बैल कुठं गेले? दुशिकच्या जागी दुसरा कुणी आला नाही, कारण जागाच राहिली नाही. त्याला लोक आता भला माणूस म्हणतात. लीग होती तोवर एकानंही म्हटलं नव्हतं.

मला त्या दिवशी काय वाटलं म्हणाल, तर दोघांचाही राग आला. पोराचा, खोटं बोलला म्हणून, आणि दुशिकचा, खरं बोलला म्हणून. न्याय द्यायचं काम जन्मभर केलं, पण ही कुस्ती माझ्या आवाक्याबाहेरची होती.

मालक गेल्यावर खोलीत आम्ही तिघंच उरलो. दोछान कुबड्यांवर तसाच उभा होता. इतक्या वर्षांत त्यानं दुशिकसमोर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. तेव्हाही चढवला नाही.

“साहेब, धाकट्यानं आधी बोलायचं हा नियम कुणाचा?”

“माझा,” दुशिक म्हणाला.

“मग मला पुरं बोलू का दिलं नाहीत?”

“तू खोटं बोलत होतास, दोछान. माझ्यासाठी.”

“तुमच्यासाठी?” दोछान हसला, पण त्या हसण्यात काही नव्हतं. “तुम्हाला असं वाटलं होय? बोळात तुम्ही किल्ली खिशात टाकलीत ते मी पाहिलं. तुम्हाला कळलंय हे मला कळलं होतं. तरी मी ठीक आहे म्हणालो. तुम्ही मोठे म्हणून तसं म्हणालो नाही. मी नाही उतरलो तर काय होईल ते मलाही कळत होतं. मला काय ते कळत नाही? मी प्रतिनिधी आहे ना त्यांचा? बाकीच्या एकोणचाळीस जणांना माझ्याशिवाय कोण होतं?”

दुशिकनं टेबलाची कड धरली.

“तुम्ही मला विचारलंत ते खोटं होतं, माझं उत्तर खोटं नव्हतं,” दोछान म्हणाला. “मी पाय दिला. देऊन टाकला. दवाखान्यात पडून रोज स्वतःला सांगत होतो, जाऊ दे, लीग राहिली. आई रडायची तर तिलाही तेच सांगायचो. आज सकाळीही सांगून आलो. आता तुमच्या मनावरचं ओझं उतरलं असेल. मी घरी जाऊन तिला काय सांगू? माझा पाय कशापायी गेला, साहेब?”

दुशिक कमरेतून वाकला. धाकट्यासमोर आमच्यात कुणी इतकं वाकत नाही. तो वाकला आणि तसाच राहिला. मग दोछाननं कुबड्या सावरल्या आणि तो जिन्याकडे निघाला. मी त्याच्या पुढे एक पायरी खाली उतरून उलटा चालत राहिलो, तोल गेलाच तर धरायला.